पाटी आणि वही

संगणकाजवळ पाटी असते आणि वहीही असते, ही गोष्ट मला फार गमतीची वाटते. त्याच्या पाटीला शास्त्रज्ञ मुख्य स्मृती म्हणतात. बाजारात ती ‘रॅम’ या सुटसुटीत नावाने ओळखली जाते. आपण पत्र लिहू लागलो, की अक्षरे प्रथम तिच्यावर उमटतात. पण ही पाटी मोठी विलक्षण! तिच्यावरची प्रत्येक खूण म्हणजे इवलासा विद्युद्भार, आणि तो सारखा गळत असतो. म्हणून संगणक सारी पाटी साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पंधराएक वेळा, पुन्हा गिरवून काढतो. परीक्षेच्या दालनाबाहेर येरझारा घालीत व्याख्या पुटपुटणाऱ्या विद्यार्थ्यासारखीच त्याची अवस्था! पुटपुटणे थांबले, की संपले. वीज गेली, की पाटी कोरी.

‘सेव्ह’ करणे म्हणजे पाटीवरचे वहीत उतरवून घेणे. या वहीत, म्हणजे तबकडीवर, लोहचुंबकी खुणा असतात. वीज असो वा नसो, मजकूर जागच्या जागी. मात्र वही उघडायला वेळ लागतो. पाटीवरचा शब्द वाचायला एक सेकंद लागतो असे धरले, तर फिरत्या तबकडीवरचा तोच शब्द शोधायला जवळजवळ एक दिवस लागेल!

१९५६ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीने तबकड्यांची पहिली वही बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांचे ते धूड. आणि त्यात मावत अवघी ५० लाख अक्षरे. आज फोनवरचा एखादा फोटोच तेवढी जागा अडवतो. उलट त्या काळची पाटी मात्र इतकी विसरभोळी नव्हती. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकाची मुख्य स्मृती फेराइटच्या चिमुकल्या कड्यांची होती. वीज गेली तरी ती कडी आपले चुंबकत्व सोडीत नसत. पुढे स्वस्ताई आणि आटोपशीरपणा यांच्यासाठी जगाने विसरभोळी पाटी पत्करली.

वहीलाही वाळवी लागतेच. फोनमधल्या साठ्यात विद्युद्भार निरोधक भिंतींआड कोंडलेला असतो. पण वर्षानुवर्षे वीज मिळाली नाही, तर तोही हळूहळू झिरपतो. म्हणून शहाणी माणसे दोन प्रती ठेवतात.

या पाटीचा विचार करताना मला सारखी माझी आत्या आठवते. ती ८४ वर्षांची आहे. जात्यावरच्या कितीतरी ओव्या तिला येतात, पण एकही कोठे लिहिलेली नाही. जन्मभर गुणगुणत राहिली, म्हणूनच त्या टिकल्या. हल्ली एखादीचा शेवटचा चरण तिला सापडत नाही. ती क्षणभर थांबते, हसते आणि म्हणते, “जाऊ दे, आठवेल मागाहून.” त्या हसण्याची मला भीती वाटते. म्हणून दर रविवारी मी वही घेऊन तिच्यापुढे बसतो. मी पहिली ओवी उतरवीत असतो, तोवर ती तिसरीवर पोचलेली असते.

“अरे, तू कॉलेजातला मास्तर ना? मग इतका सावकाश कसा लिहितोस?”

“आत्या,” मी म्हणतो, “वही सावकाशच भरते. आणि मला दोन प्रती काढायच्या आहेत.”