क्लेर्व्होची पणती

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनातून वॉटरफर्डला निघालेली गाडी किलकेनीत शिरते आणि तिथं रूळच संपतात. स्टेशन टोकाचं आहे. ड्रायव्हर उतरतो, फलाटावरून चालत गाडीच्या दुसऱ्या टोकाला जातो, आणि इतका वेळ शेपटाला असलेला डबा आता पुढं होतो. डब्लिनपासून पाठ करून बसलेली माणसं एकदम तोंड करून बसल्यासारखी होतात. पुढचं स्टेशन थॉमस्टाउन.

तेराव्या शतकाच्या सुरुवातीला एका अँग्लो-नॉर्मन सरदारानं नोअर नदीकाठी वसवलेलं हे छोटं गाव. पूल ओलांडून नैर्ऋत्येला दोन-अडीच किलोमीटर चालत गेलं की डाव्या-उजव्या कुरणांच्या मधोमध एक चौकोनी मनोरा दिसू लागतो. त्याच्या माथ्यावरचा कठडा पायऱ्यापायऱ्यांनी चढत-उतरत गेलेला आहे. अशी दातेरी माथी आयर्लंडमध्ये जागोजागी दिसतात. मनोऱ्याभोवती काळ्या पक्ष्यांचा कलकलाट चालू होता. भुरभुर पाऊस होता, पण छत्री उघडावी इतका नव्हता. हाच जरपॉइंटचा मठ.

आयर्लंडमध्ये पडक्या मठांना तोटा नाही. डोंगराच्या कुशीत, नदीच्या वळणावर, कुणाच्या तरी शेतात गायींच्या गराड्यात ते उभे असतात. त्यातला जरपॉइंटच का निवडावा, याचं उत्तर त्याच्या घराण्यात आहे.

बाराव्या शतकात आयर्लंडमधल्या आर्माचा माजी आर्चबिशप मॅलची रोमला निघाला होता. वाटेत फ्रान्समध्ये क्लेर्व्होच्या मठात तो थांबला. तिथला मठाधिपती बर्नार्ड हा सिस्टर्शियन पंथाचा सर्वांत प्रभावी माणूस. १०९८ मध्ये सीतो इथं सुरू झालेला हा पंथ साधेपणावर उभा होता. न रंगवलेल्या लोकरीचा पांढरा झगा, मौन, शेतात राबणं आणि दिवसरात्र ठरल्या वेळी प्रार्थना. मॅलची भारावून गेला. आपली माणसं त्यानं तिथं शिकायला ठेवली आणि ११४२ मध्ये ती परतली तेव्हा मेलिफाँट इथं आयर्लंडमधला पहिला सिस्टर्शियन मठ उभा राहिला. पुढं ११४८ मध्ये मॅलची पुन्हा क्लेर्व्होला गेला आणि तिथंच वारला. त्याचं चरित्र बर्नार्डनं स्वतः लिहिलं.

हे मठ एकमेकांशी असलेलं नातं आई-मुलीचं मानतात. क्लेर्व्हो आई, मेलिफाँट लेक. मेलिफाँटमधून निघालेल्या मंडळींनी ११४८ मध्ये बॉल्टिंग्लास वसवलं, ती नात. आणि बॉल्टिंग्लासचे मठवासी ११८० च्या सुमारास या नदीकाठी आले. म्हणजे जरपॉइंट ही क्लेर्व्होची पणती.

आणि पणजोबा कोण, तर शिल्पांवर कडाडून टीका करणारा बर्नार्ड. ११२५ च्या सुमारास त्यानं एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात इतर मठांच्या थाटामाटाची तो झाडाझडती घेतो. मठवासी जिथं बसून वाचतात त्या ओवऱ्यांमध्ये माकडं, सिंह, अर्धे माणूस-अर्धे घोडे, लढणारे शिपाई कशासाठी कोरायचे, असं तो विचारतो. त्याची भीती सरळ होती. माणूस पोथी सोडून दगड वाचत बसेल आणि दिवस तसाच जाईल. पंथाच्या नियमांनीही शिल्पांना मज्जाव केला, आणि चर्चवर दगडी घंटामनोरे बांधायलाही.

जरपॉइंटचा मनोरा मात्र दगडीच आहे, पंधराव्या शतकातला. तो बघतच मी आत शिरलो.

चर्चचं मुख्य दालन आता उघडं आहे. छप्पर कधीच गेलं. उत्तरेकडची कमानींची रांग शाबूत आहे. जाडजूड खांब, वर टोकदार कमानी. खाली कापलेलं गवत, त्यावर पावसाचे थेंब. पूर्वेच्या टोकाला, वेदी जिथं होती तिथं, अर्धगोल दगडी छत अजून डोक्यावर आहे. तिथं शिरलं की आवाज बदलतो. बाहेर पक्षी ओरडत असतात आणि आत स्वतःच्या बुटांचा चिखल पुसल्याचाही आवाज येतो. भिंतीवर जुन्या रंगकामाचे पुसट डाग आहेत. जरा वेळ डोळे सरावले की त्यात ढालींचे आकार दिसू लागतात.

तिथंच एका बिशपची कबर आहे. ऑसरीचा बिशप फेलिक्स ओ'डुलनी १२०२ मध्ये वारला आणि जरपॉइंटला पुरला गेला. ही कबर त्याची मानतात. दगडावर झग्यातला बिशप आडवा, हातात धर्मदंड, आणि त्या दंडाला खालून एका सापानं तोंडात धरलेलं. साधेपणाचा नियम इतक्या आधीच थोडा सैल झाला होता. जवळच एका शिळेवर दोन शूरवीर शेजारी शेजारी कोरलेत, अंगात लोखंडी कड्यांची चिलखतं. त्यांची नावं राहिलेली नाहीत. लोक त्यांना नुसतं 'बंधू' म्हणतात.

जरपॉइंटची खरी भांडणं मात्र शिल्पावरून झाली नाहीत. ती भाषेवरून आणि माणसांवरून झाली.

तेराव्या शतकाच्या सुरुवातीला आयर्लंडचे सिस्टर्शियन मठ दुभंगले होते. एका बाजूला आयरिश, दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेल्या अँग्लो-नॉर्मन राज्यकर्त्यांच्या मर्जीतले. १२१६ मध्ये पंथानं तपासणीसाठी माणसं पाठवली, तर मेलिफाँटनं त्यांना दार उघडलं नाही आणि जरपॉइंटमध्ये दंगा झाला. पुढच्या वर्षी जरपॉइंटच्या मठाधिपतीचं पद गेलं. इतिहासात हे प्रकरण 'मेलिफाँटचा कट' म्हणून ओळखलं जातं. अखेर १२२७ मध्ये हे कुटुंबच मोडण्यात आलं. आई-मुलींची ताटातूट करून मठ परदेशी मठांच्या ताब्यात दिले गेले. जरपॉइंटवर इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या फाउंटन्स मठाची देखरेख आली.

१२२८ मध्ये स्टीफन ऑफ लेक्सिंग्टन हा इंग्रज मठाधिपती पाहणीला आला. त्यानं जरपॉइंटला किती माणसं असावीत हेही ठरवून दिलं: छत्तीस मठवासी आणि अंगमेहनतीची कामं करणारे पन्नास बांधव. त्याचा एक नियम मात्र वाचताना काळजाला लागतो. यापुढं फ्रेंच किंवा लॅटिनमध्ये ज्याला आपल्या पापाची कबुली देता येते, त्यालाच मठात घ्यावं, असं त्यानं बजावलं. बाहेरून आलेल्या वरिष्ठाला मठवाशांचं बोलणं कळलं पाहिजे, हे त्यामागचं कारण. म्हणजे या खोऱ्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला देवासमोर गुडघे टेकायचे असले, तरी आधी परक्याची भाषा शिकावी लागणार. ज्या भाषेत आईनं अंगाई म्हटली, तिच्यात आपली चूक कबूल करण्याची सोय नाही. मराठीत वाढलेल्या माणसाला या नियमातली जखम समजायला इतिहासाचं पुस्तक लागत नाही.

नियम झाले म्हणून माणसं बदलली नाहीत. १३६६ च्या किलकेनी कायद्यांनी इंग्रज ताब्यातल्या धर्मसंस्थांमध्ये आयरिश माणसांना घ्यायला बंदी केली. कायदे झाले ते किलकेनी शहर इथून गाडीनं एकच स्टेशन मागे. तरी १३८७ मध्ये जरपॉइंटच्या मठाधिपतीला दंड झाला, कारण त्यानं आयरिश माणसांना मठात घेतलं होतं. एकवीस वर्षं कायदा अंमलात होता आणि कुणीतरी हे दार उघडत होतं. त्या मठाधिपतीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आणि साधारण याच सुमारास, १४०० च्या आसपास, चर्चच्या दक्षिणेला ओवऱ्या उभ्या राहिल्या.

ओवऱ्या म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर देवळाच्या आवाराभोवतीची ती सावलीची पट्टी येते. इथंही तसंच. मधे गवताचा चौक, चारी बाजूंनी झाकलेली वाट, चौकाकडं तोंड केलेल्या कमानी. मठवासी इथं वाचत, फेऱ्या घालत. पुढं हे सगळं कोसळलं. विसाव्या शतकात पडलेले तुकडे गोळा करून काही भाग पुन्हा उभा केला. प्रत्येक आधार म्हणजे दोन बारीक खांब आणि त्यांच्या मधे दगडाची पट्टी. या पट्टीवर माणसं कोरली आहेत. हातभर उंचीची, काही पुढून, काही मागून. बर्नार्डला ज्या जागी शिल्प नको होतं, नेमकं तिथंच.

गुडघे टेकल्याशिवाय ती नीट दिसत नाहीत. एक बाई आहे, लांब झग्यातली. झग्याच्या चुण्या इतक्या सरळ, इतक्या बारीक, की बोट फिरवलं तर तारांवरून फिरल्यासारखं वाटावं. तिच्याजवळ चिलखत घातलेला शूरवीर. मुलाला खांद्यावर घेऊन नदी पार करणारा संत ख्रिस्तोफर. पंखांचा, वेटोळ्या शेपटीचा राक्षसी प्राणी. आणि एक जण पोट धरून उभा. डोकं अंगाच्या मानानं मोठं, दोन्ही पंजे पोटावर. वाटाडे त्याला पोटदुखीचा माणूस म्हणतात. तो कोण होता, कुणालाच ठाऊक नाही. पण कुणीतरी कारागीर एक दिवस छिन्नी घेऊन बसला आणि संतांच्या, सरदारांच्या रांगेत त्यानं एका दुखऱ्या पोटाला जागा दिली. त्या पंजांची बोटं पावसानं झिजली आहेत, तरी दाबल्याची जाणीव अजून शाबूत आहे.

मला हा माणूस शूरवीरापेक्षा मोठा वाटला.

चर्चमध्ये परत आलो ते एका पेटीसारख्या कबरीसाठी. १५०१ मध्ये वारलेला रॉबर्ट वॉल्श आणि त्याची बायको कॅथरीन पोअर यांची ही कबर. किलकेनी परिसरात ओ'टुनी घराण्याची शिल्पशाळा होती, तिच्यातल्या रोरी ओ'टुनीचं हे काम. अशा कबरींच्या बाजूंवर ओळीनं उभ्या असलेल्या मूर्तींना 'रडणारे' म्हणतात. इथं येशूचे शिष्य आहेत, पण रडताना कुणीच दिसत नाही. डोळे बदामी, केस कुरळे, अंगावरची वस्त्रं समांतर घड्यांची. काहींच्या हातात, त्यांना ज्यानं मारलं ते हत्यार. थॉमसकडं भाला. सायमनकडं करवत, तिचे दात एकेक करून मोजावेत असे. आणि बार्थोलोम्यूच्या हातावर, उपरणं टाकावं तशी, त्याची स्वतःचीच सोललेली कातडी.

थॉमसला केरळचे ख्रिस्ती आपला संस्थापक मानतात. बार्थोलोम्यूबद्दल युसेबियस हा चौथ्या शतकातला इतिहासकार सांगतो की तो हिंदुस्थानात गेला होता. ही जागा म्हणजे आपल्या कल्याणचा परिसर, असं काही अभ्यासक मानतात. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशानं 'कॅलियाना' इथं ख्रिस्ती लोक आणि बिशप असल्याचं लिहिलं आहे, आणि हे नाव कल्याणचंच असावं असं बहुतेकांना वाटतं. शिष्याच्या प्रवासाला पुरावा नाही, ती परंपरा आहे. पण किलकेनीच्या कुरणात भिजल्या अंगानं उभं असताना, कल्याणशी नाव जोडलं गेलेला एक माणूस आपली कातडी हातावर घेऊन समोर उभा असतो, तेव्हा पावलं हलत नाहीत. मी बराच वेळ तिथं उकिडवा बसून राहिलो.

रोरीनं ही कबर घडवली तेव्हा मठाची चाळीस वर्षंही उरली नव्हती. आठव्या हेन्रीनं मठ बंद करायला सुरुवात केली आणि १५४० मध्ये शेवटचा मठाधिपती ऑलिव्हर ग्रेस यानं जरपॉइंट सोडून दिलं. जमीनजुमला ऑर्मंडचा अर्ल जेम्स बटलर याच्याकडं गेला. गावकऱ्यांनी मात्र जागा सोडली नाही. ते आपल्या माणसांना इथंच आणत राहिले. त्यामुळं मध्ययुगीन कमानींच्या खाली नंतरच्या शतकांतल्या कबरींचे दगडही उभे आहेत, काही कलंडलेले.

मठापासून थोड्याच अंतरावर न्यूटाउन जरपॉइंट नावाचं ओस पडलेलं गाव आहे. तिथल्या संत निकोलसच्या पडक्या चर्चजवळ एक कबर आहे. दगडावर धर्मगुरू, आणि त्याच्या खांद्यांमागून डोकावणारी दोन डोकी. दोघा धर्मयोद्ध्यांनी संत निकोलसच्या अस्थी इथवर आणल्या अशी दंतकथा गावात सांगतात. म्हणजे दंतकथा खरी मानली, तर पोरांच्या मोज्यांत खाऊ ठेवणारा सांताक्लॉज ज्याच्यावरून आला, तो संत इथं किलकेनीच्या मातीत निजला आहे. जमीन खासगी मालकीची असल्यानं आधी ठरवून जावं लागतं. मी ठरवलं नव्हतं, ते राहिलं.

संध्याकाळ होत आली. वाटाड्या बाई फाटकाशी किल्ल्या घेऊन उभ्या होत्या, पण घाई करत नव्हत्या. पाऊस थांबला होता आणि पश्चिमेकडून आडवा प्रकाश ओवऱ्यांत शिरला होता. सकाळी सपाट दिसलेल्या चुण्यांना आता सावल्या फुटल्या होत्या. गाडीची वेळ घड्याळात दिसत होती. कोपऱ्यातल्या एका खांबाची चौकाकडची बाजू पाहायची राहिली होती. मी ओल्या गवतात उतरलो आणि पुन्हा गुडघे टेकले.