ज्येष्ठ बुवा आणि त्याची बारी

डबलबारी म्हणजे दोन भजनी मंडळांचा समोरासमोरचा सामना. त्यात प्रत्येक मंडळाचा मुख्य गायक, ज्याला बुवा म्हणतात, पेटी घेऊन आपल्या वाट्याचा गायनाचा फेरा, म्हणजे बारी, मांडतो आणि पखवाज, झांज व कोरस त्याला साथ देतात. गोव्यातील पेडणे-डिचोली भागातही ती रंगते. पेडणे तालुका 1788 मध्ये पोर्तुगिजांकडे जाईपर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलात होता, डिचोलीचेही सावंतवाडीशी जुने नाते होते, आणि म्हणूनच तेरेखोल नदीपलीकडच्या सिंधुदुर्गातील बुवा या भागातील रसिकांना परका वाटत नाही.

स्तवनापासून अभंग व गौळणीमार्गे बारी गजरावर येते. गजर म्हणजे देवाचे नाव घेत चढत्या लयीत होणारे सामूहिक गायन. त्याच्या मधल्या जागांत बुवा पुराणातला प्रश्न टाकतो, आपल्या गुरूचे नाव घेतो, समोरच्याला टोला देतो, आणि त्याचे उत्तर पुढच्या बारीत द्यावेच लागते. 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात रुजलेल्या रॅपमध्ये, म्हणजे तालावरच्या यमकबद्ध बोलण्यात, जुना कलावंत नव्या लोकप्रिय गायकांना आपली ज्येष्ठता ऐकवतो, तो टोलाही याच जातीचा असतो.

नवे बुवा ताज्या चित्रपटगीतांच्या चाली लावतात आणि त्यांच्या चित्रफिती मोबाइलवर सर्वदूर पोहोचतात, यावर ज्येष्ठांचा आक्षेप असतो. हा आक्षेप अर्धाच न्याय्य आहे, कारण नाट्यगीतांच्या आणि सिनेमाच्या चाली ज्येष्ठांनीही आपल्या काळात भजनात आणल्याच होत्या. खरी हानी दुसरीकडे होते: गजर लांबला की अभंगाचा वेळ आक्रसतो, प्रश्नाला पुराणाच्या आधाराने उत्तर देण्याऐवजी वैयक्तिक उणेदुणे काढले जाते, आणि वर्षानुवर्षे पाठ केलेल्या रचना गाण्याची संधीच उरत नाही. ज्येष्ठ बुवाचा अधिकार त्या पाठांतरात आणि ऐनवेळी सुचणाऱ्या उत्तरात आहे. वयाचा किंवा गुरुघराण्याचा दाखला देऊन तो सिद्ध होत नाही, बारीतच सिद्ध करावा लागतो, आणि पहाटेपर्यंत बसून राहणारा जाणकार श्रोता ते अचूक ओळखतो.

म्हणून पेडणे-डिचोलीतील आयोजक मंडळांनी बारीत अभंगासाठी वेळ राखून ठेवावा, आणि ज्येष्ठ बुवांच्या वह्यांतील रचना चालींसह त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात.