येरवड्यातला एक मुक्काम

मुलीची प्रवेश परीक्षा पुण्याला होती, केंद्र येरवड्याच्या पुढे. पेपर सकाळचा, म्हणून आदल्या दिवशीच हुतात्मा एक्सप्रेसनं निघालो.

स्टेशनजवळच्या लॉजवर काउंटरवरचा पोरगा आधी म्हणाला, "या सर, रूम आहे." मग आधार कार्ड हातात घेतलं, नाव वाचलं आणि आत जाऊन आला. "सॉरी, बुकिंग झालंय." आम्ही बॅगा उचलतोय तोवर मागच्या माणसाला चावी मिळाली. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्या वेळी दोन्हींतला एकही शब्द सुचला नाही. मुलगी सगळं पाहत होती, ते जास्त लागलं.

रिक्षानं येरवड्याला आलो. एका गल्लीच्या टोकाला जुनं दुमजली घर, वर मोजक्या खोल्या, दारात पारिजातक, जिन्याखाली पाण्याचा माठ. मालकीणबाई सत्तरीच्या. मी आधीच सांगून टाकलं, "मावशी, आम्ही मुसलमान आहोत. अडचण असेल तर आत्ताच सांगा."

"अडचण एकच आहे," त्या म्हणाल्या, "गरम पाणी सहा ते आठच येतं."

रजिस्टर त्यांनी मुलीपुढे सरकवलं. "तू लिही गं. मास्तरांची लेक, अक्षर चांगलं असणार." तिनं माझ्याकडे बघितलं, क्षणभर पेन थांबलं, मग पूर्ण नाव लिहिलं. मगरिबच्या वेळी मी पश्चिम कुठली विचारली तर मावशींनी समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बोट केलं, "सूर्य रोज तिच्यामागेच मावळतो." रात्री आमची कडक भाकरी आणि शेंगाचटणी त्यांच्या पिठल्यासोबत झाली. भाड्याची खोली आहे हे विसरायला झालं.

सकाळी केंद्राकडे जाताना येरवडा जेलची भिंत लागली. मी मुलीला म्हणालो, "आपल्या चार पुतळ्यांमधले चौघे इथेच फासावर गेले, 12 जानेवारी 1931 ला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन." 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला होता, त्यानंतरची ती शिक्षा. रोज त्या चौकातून शाळेला गेलेली माझी मुलगी भिंतीकडे बघत राहिली.

"अब्बू, काल त्या काउंटरवर कुर्बान हुसेन आले असते तर?"

मी शिक्षक आहे, उत्तर देणं माझं काम. पण तेव्हा एवढंच म्हणालो, "तर बाकीचे तिघंही बॅगा उचलून त्यांच्यासोबत बाहेर पडले असते."

ती हसली आणि पेपरला गेली. संध्याकाळी परतीच्या हुतात्मामध्ये दौंडच्या आधीच तिला झोप लागली. मी मात्र जागा होतो. त्या लॉजवर मी गप्प का राहिलो, हा प्रश्न अजून माझ्याजवळच आहे. मावशींच्या रजिस्टरमध्ये मात्र आमची नावं आहेत, स्वच्छ अक्षरात.