फोटोच्या पाठीमागे

दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या वस्तू फुटतात, आणि वस्तूंबरोबर कधी कधी घरातल्या समजुतीही फुटतात. आमच्या अमरावतीच्या घरात गेल्या दिवाळीत असेच झाले. माडीवरच्या भिंतीवरून जळमटे काढताना झाडूचा धक्का लागला आणि आजोबांच्या वेळची एक तसबीर खाली आली. काच गेली, चौकट निखळली.

तसबीर म्हणजे एक जुना फोटो. दगडी वेस, तिच्या कमानीवर एक शिळा, आणि वेशीपुढे दप्तरे घेतलेली तीन मुले. चौकटीच्या पुठ्ठ्यावर शाईने लिहिलेले होते : ‘उमरावती, १८७०’.

या पाच अक्षरांनी आणि चार आकड्यांनी आमच्या आत्यावर फार वर्षे अन्याय केला होता. आत्या आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. लहानपणापासून तिचे एकच म्हणणे : मधला मुलगा म्हणजे तिचे वडील, आमचे आजोबा. आमचा थोरला चुलतभाऊ हिशेबाचा पक्का. आजोबांचा जन्म १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळातला. “आत्या, बाबा जन्मायच्या आधी तीस वर्षे वेशीत जाऊन उभे राहिले काय?” असे तो दर दिवाळीला विचारी आणि सगळे घर हसे. आत्याही हसे, पण पुढे पुढे तिने त्या फोटोकडे बोट दाखवणेच सोडून दिले.

काचा वेचताना फोटो उलटला आणि मी चमकलो. ते पोस्टकार्ड होते! मजकूर कसरीने खाऊन टाकला होता. पत्त्यात फक्त ‘उमरावती’ एवढेच वाचता येत होते. म्हणजे कार्ड जिथे पोचले ते गाव कुणीतरी फोटोचे गाव समजून पुठ्ठ्यावर उतरवले. आणि साल? ते तर निव्वळ अंदाजाने ठोकून दिलेले. आपल्या देशात पोस्टकार्डच मुळी १८७९ साली आले!

मग मला छंदच लागला. कार्डाची पाठ मधोमध रेघ ओढून दुभागलेली होती, अर्धी मजकुराला आणि अर्धी पत्त्याला. ही सोय इंग्लंडात १९०२ पासून झाली. कोपऱ्यातले तिकीट अर्धे फाटले होते, पण दाढीवाले एडवर्ड बादशहा त्यातूनही ओळखू येत होते. त्यांची तिकिटे १९०२ साली निघाली, आणि १९१० मध्ये बादशहा वारले. साल असे दोन्ही बाजूंनी कोंडीत सापडले.

आता वेस कुठली? अमरावतीचा परकोट निजामाच्या सरकारने पेंढाऱ्यांच्या भयाने १८०७ मध्ये बांधायला घेतला. त्याला पाच वेशी आणि चार खिडक्या. अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट आम्ही जन्मभर पाहिलेली. त्यांत ही बसेना. भिंग लावले तेव्हा कमानीवरच्या शिळेत अक्षरांच्या डोक्यावरून गेलेल्या आडव्या रेघा दिसल्या. फारसीला शिरोरेघ नसते. हा लेख देवनागरी!

वाचनालयात जाऊन १९१० सालचे अकोला जिल्ह्याचे गॅझेटियर काढले. मोर्णेकाठचा अकोल्याचा किल्ला असदगड. हे नाव औरंगजेबाचा वजीर असदखान याच्यावरून पडले. दहीहंडा वेशीवरच्या लेखात त्या दोघांची नावे आहेत. आगरवेशीवर मात्र मराठी लेख : हा किल्ला १८४३ मध्ये गोविंद आप्पाजीने बांधला! बाकीचे सगळे लेख याच्या विरुद्ध साक्ष देतात. मला हसू आले. आमच्या पुठ्ठ्यानेच खोटे सांगितले होते असे नाही. प्रसंगी दगडही सांगतो.

इमारतीत मोठा फेरफार झाला असेल तर फोटोचे साल लावणे सोपे जाते. आयर्लंडात डब्लिनच्या क्राइस्ट चर्च कॅथीड्रलची १८७१ ते १८७८ या काळात मोठी पुनर्बांधणी झाली. रस्त्यावरून गेलेली तिची दगडी कमान चित्रात दिसली, की चित्र त्यानंतरचे. असदगडाचा तट इंग्रजांनी १८७० च्या सुमारास पाडला, पण वेस तेवढे सांगेना. सांगितले ते गॅझेटियरनेच : किल्ल्याच्या मधल्या हवाखान्यात तेव्हा शाळा भरत होती. आणि आजोबा शिकायला अकोल्याला मामांकडे होते, हे तर घरात सर्वांना ठाऊक. १९१० च्या सुमाराला ते दहा वर्षांचे!

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी आत्याजवळ बसून सगळी हकीकत सांगितली. शेवटी प्रामाणिकपणे म्हणालो, “आत्या, गाव ठरलं, काळ जुळला. पण मधला मुलगा आजोबाच, हे मात्र कार्डावरून सिद्ध होत नाही.”

तिने भिंग बाजूला सारले. “म्या काय तिकिटावरून ओळखलं होतं, बापू? त्याचे कान पाह्य. आन् मंग आरशात तुहे पाह्य.”

थोरला भाऊ मागे उभा होता. तो काही बोलला नाही. खाली वाकून आत्याच्या पाया पडला.

नवी चौकट आली. जुना पुठ्ठा मी फेकला नाही, आतच ठेवला. गोविंद आप्पाजीचा लेख तरी कुणी खरवडून काढला आहे? नव्या पुठ्ठ्यावर लिहिले : ‘आगरवेस, अकोला. १९१० च्या सुमारास.’ आणि खाली दुसरी ओळ : ‘मधला मुलगा आजोबा, असे आत्या सांगते.’

आत्याने दोन्ही ओळी वाचायला लावल्या. ‘सांगते’ या शब्दावर ती क्षणभर थांबली, आणि म्हणाली, “राहू दे. सांगतेच तं.”