पिवळ्या-हिरव्याच्या सीमेवरचे पाणी

गोड्या पाण्याच्या नव्या टाकीत मासे आधीच सोडलेले असताना तिच्यातील नायट्रोजनचे चक्र बसवणे, म्हणजे माशांनी टाकलेल्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर व तळाच्या खड्यांवर पुरेसे वाढेपर्यंत मासे जगवणे, या कामाची सगळी कसोटी एकाच विसंगतीत आहे. जो अमोनिया जिवाणूंचे अन्न आहे तोच माशांचे कल्ले भाजून काढणारे विष आहे, आणि तो पाण्यात थोडा तरी असल्याखेरीज काम पुढे सरकत नाही. रिकाम्या टाकीत बाहेरून अमोनिया घालून जिवाणू वाढवणारा मात्रा चढवू शकतो, एखादा दिवस विसरू शकतो, आठवडाभर गावाला जाऊ शकतो. मासे असलेल्या टाकीत यातली कोणतीच मुभा नसते, आणि ही स्थिती साधारण चार ते सहा आठवडे टिकते.

या काळात पाणी किती बदलावे, याचा हिशेब साधा असला तरी तो कागदावर मांडून पाहणारे थोडेच असतात. समजा, टाकीतील मासे दिवसाला इतका अमोनिया टाकतात की त्याचे प्रमाण लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमने वाढते, आणि जिवाणू अजून धरलेले नाहीत. रोज पाव टाकी पाणी बदलले तर काही दिवसांनी अमोनियाची रोजची सर्वांत वरची पातळी २ मिलिग्रॅमवर स्थिरावते. रोज अर्धी टाकी बदलली तर ती १ वर थांबते. आणि अर्धी टाकी एक दिवसाआड बदलली तर ती पुन्हा २ वर जाते, म्हणजे रोज पाव टाकी बदलणाऱ्यापेक्षा काहीही अधिक साधत नाही. दोन बदलांच्या मधल्या काळात जमणाऱ्या अमोनियाला बदललेल्या पाण्याच्या हिश्श्याने भागले की ही पातळी मिळते. म्हणून खाणे निम्म्यावर आणून अमोनियाही त्या प्रमाणात घटवला आणि रोज अर्धे पाणी बदलले, तरच ती ०.५ पर्यंत उतरते. पाणी बदलल्याने चक्र लांबते हा आक्षेप नेहमी ऐकू येतो आणि त्यात थोडे तथ्यही आहे, परंतु हे जिवाणू पाण्यात तरंगत नसून पृष्ठभागांना चिकटून वाढतात, त्यामुळे बादलीतून ते फारसे वाहून जात नाहीत, आणि माशांकडून येणारा अमोनियाचा ओघ चालूच राहत असल्याने त्यांची उपासमारही होत नाही. चक्राला आठवडा जास्त लागला तर तो सोसता येतो; भाजलेले कल्ले घेऊन मासा फार दिवस काढू शकत नाही.

परंतु ०.५ च्या आत राहायचे, तर ०.२५ ओळखता आले पाहिजे, आणि खरी अडचण इथेच आहे. नेहमीच्या द्रव चाचणीत परीक्षानळीतील पाणी अमोनिया नसताना पिवळे राहते आणि प्रमाण वाढेल तसे हिरवे होत जाते. शून्य आणि ०.२५ यांच्यात फरक असतो तो पिवळ्यावर चढलेल्या किंचित हिरवटपणाचा, आणि तो रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात एक दिसतो, सकाळी खिडकीपाशी दुसरा. वाढत्या वयात डोळ्यातील भिंग स्वतःच पिवळसर होत जाते, त्यामुळे अशा छटांमधला भेद नेमका तेव्हाच धूसर होतो जेव्हा पालकाच्या गाठीला सर्वांत अधिक अनुभव असतो. प्रस्तुत लेखकाची पद्धत बदलली ती या कारणाने. आता एका नळीत टाकीचे पाणी आणि दुसरीत क्लोरीन काढलेले नळाचे पाणी घेऊन दोन्हींत सारखेच थेंब घातले जातात, दोन्ही नळ्या पांढऱ्या कागदावर उभ्या धरून दिवसाच्या उजेडात वरून पाहिल्या जातात, म्हणजे डोळ्याला रंगाचे नाव ठरवावे लागत नाही, फक्त दोन रंग सारखे आहेत की नाहीत एवढेच सांगावे लागते. आणि तरीही शंका उरली तर घरातील शाळकरी मुलीला नळ्या दाखवल्या जातात.

हे विचारणे जड जाते, हे लपवण्यात अर्थ नाही. माशांच्या हालचालींवरून पाणी ओळखणारा अशी ख्याती प्रस्तुत लेखकाला आवडत आली आहे, आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकणारा, पर मिटून कोपऱ्यात थांबलेला किंवा कल्ले लालसर झालेला मासा पाहून चार लोकांसमोर निदान सांगण्यात जो मान मिळतो, तो परीक्षानळीकडे पाहण्यात मिळत नाही. तो मोह अजून सुटलेला नाही. मासा धापा टाकू लागतो तेव्हा इजा झालेली असते, चाचणी तिच्या आधी बोलते, हे माहीत असूनही हात आधी नळीकडे जात नाही, नजर आधी माशांकडे जाते.

चाचणीचा आकडाही एकटा पुरत नाही, कारण ती विषारी अमोनिया आणि बरेचसे निरुपद्रवी अमोनियम यांची बेरीज दाखवते, आणि त्या बेरजेतील विषाचा वाटा ठरतो सामूवर, म्हणजे पाण्याची आम्ल-अल्कता दाखवणाऱ्या पीएचवर. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर बेरजेच्या सुमारे अर्धा टक्काच अमोनिया विषारी रूपात असतो, सामू ८ असेल तर सुमारे ५ टक्के. म्हणून दख्खनच्या बेसाल्ट खडकातून येणारे कठीण, अल्कधर्मी बोअरचे पाणी आणि मुंबईला तानसा-भातसा तलावांतून मिळणारे मृदू पाणी यांत एकच आकडा एकच अर्थ सांगत नाही. त्यात आणखी एक फास आहे. जिवाणूंचे काम पाण्यातील कार्बोनेट संपवत जाते, सामू उतरतो, उतरलेल्या सामूत जिवाणू मंदावतात आणि अमोनियम साठत राहते. अशा दुर्लक्षित टाकीत एका झटक्यात अर्धे अल्कधर्मी पाणी ओतले की उरलेल्या अमोनियमचा मोठा वाटा विषारी होतो आणि स्वच्छता केल्याच्या दिवशीच मासे मरतात. रोज पाणी बदलणाऱ्याच्या टाकीत मात्र जुन्या आणि नव्या पाण्याच्या सामूत असे अंतर पडायला वावच राहत नाही.

पुढचा टप्पा नायट्राइटचा. ते कल्ल्यांवाटे रक्तात शिरून हीमोग्लोबिनचे प्राणवायू वाहून न नेणाऱ्या तपकिरी द्रव्यात रूपांतर करते, आणि मिठातील क्लोराइड त्याच वाटेने आत शिरत असल्याने ते नायट्राइटला अडवते. त्यासाठी १० लिटरला १ ग्रॅम जाडे मीठ पुरेसे होते. याउलट दुकानातून माशांबरोबर हमखास मिळणारी निळ्या औषधाची बाटली, म्हणजे मिथिलीन ब्लू, याच विषबाधेवर उतारा असूनही फिल्टरमधील जिवाणूंना मारक ठरते, त्यामुळे ती मुख्य टाकीत ओतणारा एक आजार आवरताना महिनाभराची मेहनत घालवतो. महिन्यातून एकदा टाकी रिकामी करून खडे नळाखाली चोळून धुण्याचा प्रघातही असाच आहे. त्याने चक्र दर महिन्याला पहिल्यापासून सुरू होते.

बाटलीबंद जिवाणूंविषयी मत सावध ठेवावे. सेर्गेई विनोग्राद्स्की यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कामापासून नायट्राइटचे काम नायट्रोबॅक्टर करतो असे पुस्तके सांगत आली. १९९८ साली गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो असे दिसले, आणि २०१५ साली तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा सापडले, त्यांतले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच. ज्यांची ओळख इतक्या अलीकडे पटली ते जीव उन्हात ठेवलेल्या बाटलीत जिवंत आहेत की नाहीत, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही. चालत्या, निरोगी टाकीतील मळका स्पंज नव्या टाकीतच पिळणे, किंवा त्याचा तुकडा नव्या फिल्टरमध्ये बसवणे, हा उपाय बिनखर्ची आणि खात्रीचा आहे. पण एका दिवसात टाकी, पंप, मासे आणि बाटली विकणाऱ्या व्यापारात स्पंजचा तुकडा मागून घेण्याची रीत मागे पडत चालली आहे, आणि ही या छंदाची खरी हानी आहे.

याहून आक्षेपार्ह आहे तो चक्र बसवण्यासाठी झेब्रा डॅनियोसारखे काटक मासे आधी सोडण्याचा सल्ला, ज्याच्यामागे ते मेले तरी चालतील असे गृहीत असते. काटक मासा वेदनेतून सुटलेला नसतो. तो फक्त अधिक दिवस ती सोसतो. ज्याने मासे आधी आणले त्याने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर तिथेच राहीपर्यंत रोज चाचणी घ्यावी, खाणे निम्मे ठेवावे आणि रोज अर्धी टाकी पाणी बदलावे; ज्याला हे जमणार नाही त्याने मासे दुकानात परत द्यावेत.