रांजणाचा तळ

सेवाग्रामच्या उन्हाळ्यांत दुपार झाली म्हणजे आमच्या घरची वीज पुष्कळदां रजेवर जाते. नेमक्या त्याच वेळीं माझी ८४ वर्षांची आई जात्यावरच्या ओव्या सांगावयास बसते, व मी त्या लॅपटॉपवर उतरून घेतों. गेल्या वैशाखांत वीज गेल्यावर पांच मिनिटांतच पडदा काळा झाला. ओवी अर्ध्यावर होती. वीज आली, पण आईला ती ओवी कांहीं केल्या आठवली नाहीं.

दोष माझाच होता. चार वर्षें मीं तें यंत्र रात्रंदिवस चार्जिंगला लावून ठेविलें होतें, आणि मधूनमधून 'बॅटरीला व्यायाम हवा' म्हणून पार शून्यावर आणीत असें. ही समजूत जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळची. १९९१ मध्यें बाजारांत आलेल्या, व गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चें नोबेल मिळवून देणाऱ्या लिथियम-आयन बॅटरीचा स्वभाव निराळा. ती काठोकाठ भरली कीं तिच्यांतील प्रत्येक घटाचा दाब साधारणतः ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. त्या ताणाखालीं आंतलीं द्रव्यें झिजूं लागतात, आणि उष्णतेची भर पडली म्हणजे ही झीज झपाट्यानें वाढते. वर्ध्याकडचें ४५ अंशांचें ऊन आणि १०० टक्क्यांवर ताटकळत ठेविलेली बॅटरी, यापेक्षां क्रूर संयोग शोधूनही सांपडावयाचा नाहीं! पार रिकामी होऊन पडून राहणेंही तिला मानवत नाहीं. वापरलेल्या लिफाफ्यांच्या पाठीवर लिहिणारा पुरुष १९३६ पासून ज्या गांवीं राहिला, तेथें मीं ही उधळपट्टी केली, याची लाज निराळीच.

नवी बॅटरी बसविल्यावर नेम केला: ८० च्या वर भरावयाची नाहीं, २० च्या खालीं उतरूं द्यावयाची नाहीं. पुष्कळ लॅपटॉपांत ८० वर थांबविण्याची सोय असते. मीं ती कधीं उघडूनही पाहिली नव्हती. गादीवर ठेवून काम करावयाचें नाहीं, कारण खालची हवा कोंडते. पुष्कळ दिवसांसाठीं ठेवून जावयाचें तर अर्धी भरून, सावलींत. प्रवासाच्या दिवशीं मात्र खुशाल काठोकाठ भरतों. सोंवळें तरी किती पाळावें!

हें सारें आईला ऐकविलें. ती म्हणाली, "बाप्पा! रांजणाचा तळ दिसूं द्यायचा नाहीं, हें तर मी लग्नाआधींपासून पाळतें. याला नोबेल देतेत काय?"

काल दुपारीं वीज गेली तेव्हां कोपऱ्यांतला आकडा ७६ होता. "किती आहे रे रांजणांत?" आईनें विचारलें. मीं सांगितलें. तिनें पदर सांवरला व ओवी धरली. हरवलेली ती ही नव्हती.