शरदातले अंगण

आमच्या आप्तांपैकी एक कुटुंब कॅनडात स्थायिक आहे. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास त्यांच्याकडून घरासमोरच्या मेपल वृक्षाचे छायाचित्र येते. सारे झाड पेटल्यासारखे लाल, आणि खाली एकच ओळ : ‘तुमच्याकडचा शरद कसा आहे?’

सिल्लोडहून या प्रश्नाला उत्तर देणे अवघड आहे. आमच्याकडे पानगळ होते ती माघ-फाल्गुनात, आणि ती थंडीने नव्हे, तहानेने. शरद येतो तेव्हा अजिंठ्याचा डोंगर अजून हिरवाच असतो. मका सोंगणीला आलेला असतो, कपाशीची बोंडे उकलू लागलेली असतात आणि बाजारात मिरचीच्या ढिगांचा ठसका घशाला लागतो. रंग असतो तो पानांत नव्हे, फुलांत. आणि तो आपोआप येत नाही. त्यासाठी पावसाळ्यात कुणीतरी बी टाकलेले असावे लागते.

आमच्या घरी हे ‘कुणीतरी’ म्हणजे आई.

तिच्या अंगणाला बाग म्हणावे असे काही नव्हते. फाटकाशी बोगनवेल, भिंतीलगत गुलबक्षी, कोंबड्याच्या तुऱ्यांची एक वेडीवाकडी रांग आणि मधोमध झेंडूचा वाफा. वायव्येच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीच्या आड, बारीक पिवळ्या शेवंतीचा गड्डा. रस्त्यावरून जाणाऱ्याला ही शेवंती दिसतसुद्धा नसे. अंगणाला शोभा आणावी हा तिचा हेतू नसावाच. तिचा सारा हिशेब एका तारखेशी जोडलेला होता, आणि ती तारीख म्हणजे २ नोव्हेंबर, सर्व मृतांचा स्मरणदिन. बाबा १९९१ साली गेले आणि औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) कबरस्तानात त्यांचे दफन झाले. तेव्हापासून त्या दिवशी घरच्या फुलांची टोपली घेऊन पासष्ट किलोमीटरचा एस. टी. चा प्रवास हा तिचा नेम झाला. संत आन्नाच्या सणाला, २६ जुलैला, झेंडूचे बी टाकायचे. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाला, १५ ऑगस्टला, रोपे वाफ्यात हलवायची. महिन्याभराने शेंडे खुडायचे म्हणजे झाड पसरते. दसऱ्याला शेजारीपाजारी फुले मागून नेत आणि तरीही २ नोव्हेंबरला टोपली भरे. कृषिखात्याचे वेळापत्रक याहून फार वेगळे नाही, हे आम्हांला फार उशिरा कळले.

आई २०१८ च्या जूनमध्ये गेली.

त्यानंतर आम्ही उभयतांनी जे केले ते दुःखाच्या भरात केले असे म्हणण्याची सोय आहे. परंतु ते खरे नाही. अंगण नीटनेटके, दर्शनी असावे ही इच्छा आमच्या मनात आधीपासून होती. आईच्या हयातीत ती बोलता येत नव्हती, एवढेच. महिन्याच्या मिस्सेनंतर पाहुण्यांची पाठ फिरताच आम्ही कामाला लागलो. शहरातल्या रोपवाटिकेतून हिरवळीचे तुकडे आणले, रंगीत पानांचे क्रोटन आणले, सोनेरी ड्युरांटाचे कुंपण लावले आणि नाताळात लाल होते म्हणून पॉइन्सेटियाची एक कुंडी फाटकाशी ठेवली. जागा मोकळी करण्यासाठी दोन दिवस खपून गाजरगवत उपटले. गाजरगवत आणि शेवंती यांची कोवळी पाने किती सारखी दिसतात, हे ज्याने दोन्ही जवळून पाहिली आहेत त्यालाच ठाऊक. टाकीमागचा गड्डा आम्ही आमच्याच हातांनी उपटून उकिरड्यावर टाकला. झेंडूचे बी आईने कोणत्या पुरचुंडीत बांधून ठेवले होते, ते शोधलेही नाही.

त्या वर्षी मराठवाड्यात पावसाने पाठ फिरवली. सप्टेंबरअखेर हिरवळीचा रंग काथ्यासारखा झाला. पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागत असताना गवताला पाणी घालणे हे पाप वाटावे अशी परिस्थिती होती, आणि आम्ही ते थांबवले. क्रोटनची पाने गळाली. एक बोगनवेल तेवढी बहरून राहिली; तिला तहान लागली म्हणजेच ती अधिक फुलते.

२ नोव्हेंबरला आमच्या अंगणात तिच्याखेरीज एकही फूल नव्हते, आणि तिचे कागदी फूल वाटेतच गळून जाते. आता कबरी दोन होत्या. दिवाळी पाच दिवसांवर आलेली, त्यामुळे झेंडूचा भाव चढलेला. बाजारातून दोन हार विकत घेऊन आम्ही गेलो. ते विकत घेताना आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

कबरस्तानात नात्यातले एक वडीलधारे गृहस्थ भेटले. हाराकडे पाहून म्हणाले, “दसऱ्याचे फूल कबरीवर? ग्लॅडिओला मिळाला नाही का?” त्या दिवशी उत्तर सुचले नाही. ते येथे देतो.

झेंडू मूळचा आपला नव्हेच. तो मेक्सिकोचा. पोर्तुगीज दर्यावर्दींच्या काळात तो सागर ओलांडून आपल्याकडे आला आणि देवळाच्या दारापासून बैलाच्या शिंगापर्यंत सर्वत्र असा रुळला की, आज तो परका असल्याचे कुणाला सांगितले तर हसतील. त्याच्या मायदेशी तो आजही मृतांचे फूल आहे. १ आणि २ नोव्हेंबरला तेथील ख्रिस्ती कुटुंबे कबरींवर झेंडू पसरतात आणि त्याच्या पाकळ्यांची वाट घरापर्यंत घालतात; त्या रंगाच्या आणि वासाच्या खुणेने गेलेली माणसे घरी येतात, अशी त्यांची समजूत. दहाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील क्लूनीचे मठाधिपती संत ओदिलो यांनी आपल्या मठांसाठी नेमून दिलेला हा दिवस आणि मेक्सिकोच्या मातीतले हे फूल एकत्र आले, ते असे. इंग्रजीत झेंडूला ‘मेरीगोल्ड’, म्हणजे मरियेचे सोने म्हणतात. ते नाव मूळचे युरोपातल्या दुसऱ्याच एका पिवळ्या फुलाचे, या पाहुण्याला ते मागाहून मिळाले. अजिंठ्याच्या लेण्यांतही लाल-पिवळी माती इथल्या डोंगरातली आणि निळा दगड अफगाणिस्तानातून आलेला. चित्रासमोर उभे राहिल्यावर ‘हा निळा कोणाचा?’ असे कुणी विचारत नाही.

आठवड्याने पुन्हा शहरात काम निघाले, तेव्हा कबरीवरचे वाळलेले हार आम्ही घरी आणले. पुढच्या जुलैत ते चुरून वाफ्यात टाकले. बाजारातल्या संकरित फुलाचे बी मूळ झाडावर जात नाही. उगवलेल्या झाडांपैकी काही भरगच्च गोंड्यांची, काही एकेरी पाकळ्यांची, एक चक्क विटकरी रंगाचे निघाले. २०१९ चा ऑक्टोबर पावसाने झोडपला, अर्धा वाफा आडवा झाला. तरी टोपलीचा तळ झाकेल इतकी फुले मिळाली. पुढची दोन वर्षे महामारीची. त्यांविषयी येथे लिहीत नाही.

शेवंती मात्र राहिलीच होती. रोपवाटिकेत मिळे ती मोठ्या फुलांची, बिनवासाची. २०२२ च्या जानेवारीत शेजारच्या चाचींकडे काही निमित्ताने गेलो असता त्यांच्या मागच्या अंगणात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी, तो बारीक पिवळा गड्डा दिसला. फुले सरत आली होती, पण वास तोच. आम्ही थबकलो. चाची म्हणाल्या, “ये तो तुमारी अम्मांकाच है बेटा. हमारे यहां शादी थी उस साल दिये थे उन्होंने. ले जाव.” आम्ही गड्डा कसा उपटून टाकला ते सांगावे की न सांगावे, अशा विचारात असताना त्या खुरपे घेऊन आल्याही. बहुधा त्यांनी ते तेव्हाच भिंतीवरून पाहिले असावे.

फुटवे वेगळे करून कुंड्यांत जगवले आणि जूनमध्ये जमिनीत लावले. येथेही आमची दर्शनी हौस आड आलीच. इतके दिवसांनी घरी आलेली शेवंती टाकीमागे कशाला, म्हणून ती फाटकापाशी लावली. झाडे कमरेपर्यंत वाढली, पाने गर्द झाली, आणि २ नोव्हेंबरला त्यांवर मोहरीएवढ्या कळ्यासुद्धा नव्हत्या. चाचींच्या खुराड्याशेजारी तेव्हा पिवळा सडा पडला होता. त्याच वर्षी पॉइन्सेटियाही नाताळात हिरवाच राहिला.

कृषिविद्यालयात शिकवणारे एक स्नेही नाताळचा फराळ घ्यायला आले, तेव्हा त्यांनी झाडांकडे पाहिलेच नाही. फाटकासमोरच्या खांबाकडे पाहिले. शेवंती आणि पॉइन्सेटिया दिवस मोजत नाहीत, रात्र मोजतात. शरदात रात्र लांबत जाते, तसा शेवंतीला फुलण्याचा आणि पॉइन्सेटियाला पाने लाल करण्याचा संकेत मिळतो. (पॉइन्सेटियाची ती लाल ‘फुले’ म्हणजे खरोखर पानेच, फूल मध्ये पिवळे, इवलेसे असते.) त्या अंधारात रोज दिव्याचा उजेड पडला, तर झाडाच्या लेखी रात्र लांबतच नाही. तहानेशिवाय आमच्याकडे पान रंगवणारे काही नाही, असे आम्ही कॅनडाला कळवीत आलो होतो. हे एक झाड आमच्याच फाटकाशी अंधाराची वाट पाहत उभे होते.

टाकीच्या आडचा तो कोपरा तेवढा दिव्याच्या उजेडापासून वाचलेला आहे. आईला रात्र-दिवसाचे हे शास्त्र ठाऊक असण्याचे कारण नाही. तिने एखाद्या वर्षी फाटकाशी लावून पाहिले असेल, फसले असेल, हलवले असेल. आम्ही विचारले नव्हते.

फेब्रुवारीत फुटवे पुन्हा काढले आणि २०२३ च्या पावसाळ्यात कोपऱ्यात लावले. तो पावसाळाही कोरडाच. भांडी धुतलेले पाणी राखेच्या निवळीसह तिकडे वळवले. हिरवळीच्या जागी आता झेंडू आणि कोंबडा, भिंतीलगत सदाफुली. पॉइन्सेटियाची कुंडी ऑक्टोबर लागताच परसात जाते आणि नाताळच्या आदल्या दिवशी पुढे येते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला अंगण पूर्वीसारखेच, थोडे गबाळे दिसते.

२ नोव्हेंबर २०२३ ला टोपली भरली. दोन्ही कबरींना पुरून मूठभर शेवंती उरली, ती परतल्यावर चाचींना नेऊन दिली. त्यांनी ओंजळ नाकाशी धरली, आणि मग आमच्या चपलांकडे पाहत विचारले, “औरंगाबादमें पानी गिरा क्या? इधर तो एक बूंद नहीं.”